एकशे अठरा नंबरचा कागद

सोमवार, ४ मार्च

मॅडमनी आज केबिनमध्ये बोलावलं. चौतीस वर्षं नोकरी झाली, तरी केबिनमध्ये बोलावणं आलं की मी आधी शर्टाची बटणं चाचपतो. मॅडम माझ्या लेकीपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या असतील, पण खुर्ची ती खुर्ची. म्हणाल्या, "पुलाअलीकडची छोटी शाळा मोठ्या शाळेत विलीन करायची की नाही, यावर लोकांची मतं मागवली होती ना, ती आलीत. दोनशे त्रेचाळीस. सगळी वाचायची, वर्गवारी करायची आणि अहवाल द्यायचा. तुमच्याशिवाय कोणावर भरवसा नाही."

छोटी शाळा म्हणजे हिची शाळा. आमची ही तिथे सव्वीस वर्षं शिकवते. हे मॅडमना सांगावं म्हणून तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "काम गुप्त आहे बरं का, घरीसुद्धा बोलायचं नाही." म्हटलं, बोलायचंच नाही तर नाहीच बोलायचं. मनाला ते पटलं. पूर्ण नाही, पण पटलं.

दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा ही नुकतीच शाळेतून आलेली. ओट्यापाशी उभ्या उभ्या घटाघटा पाणी पीत होती. एक ग्लास, दुसरा, मग तिसरा. शेजारी तिची पाण्याची बाटली, सकाळी नेली तशीच भरलेली. मी म्हटलं, "बाटलीला काय रोज फिरायला नेतेस?" म्हणाली, "वर नेते, खाली आणते." मला हसू आलं.

बोलल्यावाचून मला राहवत नाही आणि बोलायची तर बंदी. म्हणून लेकीने दिलेली ही डायरी कपाटातून काढली.

मंगळवार, ५ मार्च

सगळी मतं टायपिस्ट मुलीने टाइप करून दिलीत. नाव-गाव गाळलेलं, वर फक्त नंबर, आणि मुळातच नाव नसेल तर 'निनावी'. मी टेबलावर चार गठ्ठे केले. एक, शाळा ठेवा. दोन, विलीन करा. तीन, अर्थ लावावा लागेल. आणि चौथा, विषयबाह्य. लोकांना एक प्रश्न विचारा, ते भलत्याचंच उत्तर देतात. एकाने रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल दोन पानं लिहिलीत. त्याला विषयबाह्य नाही तर काय म्हणणार?

टायपिस्ट मुलगी मला काका म्हणते. हुशार आहे, शिकायची हौस आहे. तिला नियम समजावला. कागद शाळेबद्दल आहे का, एवढंच बघायचं. लिहिणारा स्वतःबद्दल बोलत असेल तर विषयबाह्य.

ती म्हणाली, "पण काका, शाळेत माणसंच असतात ना?"

म्हटलं, "असतात. अहवालात नसतात."

तिने ते वहीत लिहून घेतलं. बरं वाटलं.

गुरुवार, ७ मार्च

डोकं फिरलंय. निम्मे कागद झाले आणि 'विलीन करा'चा गठ्ठा वर चाललाय. एकाने लिहिलंय, 'माझी दोन्ही मुलं याच शाळेत शिकली, फार चांगली शाळा होती, आता विलीन करावी.' होती म्हणे. हिने ज्यांची नाकं पुसून अक्षरं गिरवून घेतली, तेच आज आईबाप होऊन असं लिहितात. माणसं किती सहज फिरतात. हिला सांगितलं तर रडेल बिचारी. ती शाळा म्हणजे हिचा जीव आहे.

विलीन झाली तर हिला पुलापलीकडे जावं लागेल, दोन बस बदलून, घरी यायला संध्याकाळचे सहा. आता कसं, शाळा घरापासून चार मिनिटांवर, सात ते एक. दीड वाजता मी जेवायला येतो तेव्हा ताट गरम असतं. ही गोष्ट मी कामात धरलेली नाही, फक्त नोंदवून ठेवतोय.

हिने आज गुडघ्याला पट्टा बांधलाय. म्हणाली, "जिना चढवत नाही हो आता." मी म्हटलं, "अगं, दर वेळी सांगतो, चढउतार चांगली. तेवढाच व्यायाम होतो." लोक पैसे भरून व्यायामाला जातात, हिला फुकट मिळतो.

शुक्रवार, ८ मार्च

आज एक कागद आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर एकशे अठरा, निनावी. इथे उतरवूनच ठेवतो:

'शाळेच्या जिन्याला एकेचाळीस पायऱ्या आहेत. तळमजला गोदामाला दिल्यापासून सगळे वर्ग वर भरतात. एकविसाव्या पायरीवर मी थांबते. आता मुलंही तिथे थांबतात, मी थांबते म्हणून. वर एका खोलीत दोन इयत्ता पाठीला पाठ लावून बसतात, समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे. स्वच्छतागृह खाली, अंगणाच्या टोकाला. मी खाली गेले तर दोन वर्ग उघड्यावर पडतात, म्हणून मी सकाळी सातनंतर पाणी पीत नाही. पहिलीतली एक मुलगीही पीत नाही. तिला का म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाई पण पीत नाहीत. एवढंच सांगायचं होतं.'

हे त्या धाकट्या बाईंचं काम. शाळेत शिक्षिका दोनच, एक आमची ही आणि दुसरी दोन वर्षांपूर्वी आलेली ती धाकटी. हिने तिला हाताला धरून शिकवलं, पहिल्या दिवशी स्वतःचा डबा दिला. आणि ती हिच्या पाठीमागे शाळेची अशी लक्तरं काढते, तेही नाव न घालता. पायऱ्या मोजायला वेळ आहे बघा लोकांना. आणि मूळ प्रश्नाचं उत्तर काय? शाळा ठेवा म्हणत नाही, विलीन करा म्हणत नाही. नुसतं रडगाणं.

शेरा मारला, 'वैयक्तिक गाऱ्हाणे. मूळ प्रश्नाशी संबंध नाही.' आणि दिला टाकून चौथ्या गठ्ठ्यात.

जेवताना राहवलं नाही. हिला म्हटलं, "तुमच्या त्या धाकटीपासून जरा जपून राहा."

"का? काय केलं तिने?"

"काही नाही. उगाच आपलं."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग उठून पाणी प्यायली.

सोमवार, ११ मार्च

संध्याकाळी धाकट्या बाई घरी आल्या, हजेरीपट द्यायला. मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. बसा म्हटलं नाही. दोन मिनिटं दारात उभी राहून गेली बिचारी. बिचारी कसली, आतल्या गाठीची आहे.

ही म्हणाली, "असं का वागलात? माझ्या वाटची हजेरीसुद्धा तीच भरते हल्ली. मला दुपारनंतर सुचत नाही काही, डोकं ठणकतं."

"पाणी कमी पडत असेल," मी म्हटलं. "पीत जा मधूनमधून."

ही उठून हजेरीपट कपाटात ठेवायला गेली. इतक्या वर्षांत हिचं हे एक मला कळलेलं नाही, चांगलं सांगितलं की गप्प बसते.

बुधवार, १३ मार्च

तिसरा गठ्ठा काढला. अर्थ लावावा लागेल, असे पंधरा. 'मुलांच्या हिताचं असेल ते करा.' 'शाळा जुनी आहे.' 'सरकारला काय कळतं ते बघू.' यातून काय काढायचं?

'शाळा जुनी आहे' यावर अर्धा तास गेला. जुनी म्हणजे मोडकळीला आली, की जुनी म्हणजे जपण्यासारखी? शेवटी 'ठेवा'मध्ये टाकला. असे बारा 'ठेवा'मध्ये गेले, तीन 'विलीन'मध्ये. तीन टाकले ते मनाची समजूत घालायला, हे मला माहीत आहे. इथे खोटं कशाला लिहू? पण ज्याच्या हातात आपल्या माणसाचं भलं आहे त्याने हात आखडून बसायचं का? हिने माझ्यासाठी सगळा जन्म खस्ता खाल्ल्या. मला हे एवढंच करता येतं.

मंगळवार, १९ मार्च

अहवाल दिला. शाळा ठेवा, एकशे पंधरा. विलीन करा, एकशे अकरा. विषयबाह्य सतरा. बेरीज दोनशे त्रेचाळीस, एक इकडे नाही की तिकडे नाही. विषयबाह्य कागद शेऱ्यांसकट परिशिष्टात जोडले, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. मॅडम म्हणाल्या, "किती स्वच्छ काम करता हो तुम्ही."

शुक्रवार, २९ मार्च

निर्णय झाला. शाळा राहणार.

येताना द्राक्षं घेतली, चांगली मोठी. ही भाजी चिरत होती. आता गुप्ततेचं कारण संपलं, म्हणून सगळं सांगून टाकलं. मतं कोणी वाचली? मी. वर्गवारी कोणी केली? मी. चार मतांनी शाळा वाचली, आणि ती चार मतं कशी आली तेही थोडं आडून सांगितलं. तीन आठवडे पोटात ठेवलं होतं, बोलताना मलाच भरून आलं.

हिच्या हातातली सुरी थांबली. "म्हणजे मी तिथेच."

"तिथेच. निवृत्त होईपर्यंत तुला तिथून कोणी हलवत नाही."

"चार वर्षं."

"चार वर्षं दोन महिने," मी म्हटलं.

ही खाली बसली, ओट्याला पाठ टेकून. आनंदाने पायातलं बळ जातं माणसाचं कधीकधी. मी द्राक्षं धुऊन समोर ठेवली. तिने एक घेतलं आणि हातातच धरून बसली.

सोमवार, १ एप्रिल

जेवण अर्धं टाकून लिहायला बसलोय.

अहवालाची एकेक प्रत दोन्ही शाळांना गेली. ही ती घरी घेऊन आली. पाणी प्यायली नाही, चपला काढल्या नाहीत, परिशिष्टाचं पान उघडून माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"एकशे अठरा तुम्हीच वाचलात ना?"

मला वाटलं, धाकटीचं बिंग फुटलं. म्हटलं, "मी तुला सांगणारच होतो. म्हणून तर म्हटलं होतं तिच्यापासून जपून राहा. त्या धाकटीने..."

"माझा आहे तो."

मी पान पुन्हा बघितलं. मग म्हटलं, "तू लिहिलास? शाळेविरुद्ध? मला न सांगता?"

"शाळेविरुद्ध कुठे लिहिलंय? जे आहे ते लिहिलंय."

"अगं पण मला सांगायचंस. मी नवरा आहे तुझा."

ही अगदी शांतपणे बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "घरी कितीदा सांगितलं, दर वेळी व्यायाम होतो म्हणालात. मग म्हटलं, कार्यालयाला लिहावं. तिथे कोणीतरी परकं माणूस असेल, नीट वाचेल. तिथेही तुम्हीच बसलेले."

आणि आत जाऊन आडवी झाली. भात तसाच राहिला ताटात.

मंगळवार, २ एप्रिल

तीस वर्षांचा संसार. मी हिच्यापासून एक गोष्ट लपवली, ती हिच्याच भल्यासाठी. हिने लपवली ती कशासाठी? मी तिकडे हिच्या शाळेसाठी जिवाचं रान करतोय, आणि त्याच गठ्ठ्यात हिचा कागद, नाव नसलेला. पाठीत वार करायचा तर परक्याने करावा. तीन आठवडे माझ्यासमोर बसून जेवली आणि एका शब्दाने बोलली नाही की मी मत पाठवलंय.

फसवलं गेल्यासारखं वाटतंय, दुसरा शब्द नाही.

दुपारी गेलो तर ही झोपली होती. ताट वाढून झाकून ठेवलेलं. गरम होतं. त्याचाच जास्त राग आला.

गुरुवार, ४ एप्रिल

हिने मला कधीच सांगितलं नव्हतं, हे सिद्ध करायला म्हणून ही डायरी चाळली. दाखवणार होतो हिला.

चार मार्च, बाटली वर नेते, खाली आणते. सात मार्च, जिना चढवत नाही. अकरा मार्च, डोकं ठणकतं. सगळं माझ्याच अक्षरात, तारीखवार. एका आठवड्यात तीनदा, आणि त्याच्या मधोमध आठ तारखेला एकशे अठरा नंबरचा कागद मी स्वतः उतरवून घेतलेला. हिला दाखवली नाही डायरी.

तरीही माझं म्हणणं आहे की सरळ सांगायला हवं होतं. समोर बसवून, 'अहो, मला तिथून निघायचंय' असं. मी काही भिंत नाही.

ऑफिसात विषयबाह्य गठ्ठा पुन्हा काढला. सतरापैकी नऊ कागद जिन्याचे, गोदामाचे आणि स्वच्छतागृहाचे. एका आजीने लिहिलंय, 'नातीला रोज ताप येतो, लघवीला जळजळ होते, डॉक्टर म्हणतात पाणी पाजा.' शेरा माझा, 'आरोग्यविषयक. मूळ प्रश्नाशी संबंध नाही.' हे नऊ 'विलीन'मध्ये धरले तर एकशे वीस होतात. शाळा विलीन झाली असती. ही जूनपासून एका इयत्तेच्या एका खोलीत शिकवत असती.

शुक्रवार, ५ एप्रिल

मॅडमना सगळं सांगितलं. बायको, गठ्ठे, ते बारा कागद, सगळं. त्यांनी पेनाचं टोपण तीनदा लावलं आणि काढलं.

"हे पहिल्या दिवशी सांगायचं होतंत."

"हो."

"आता निर्णयावर वरच्या सह्या झाल्यात. मी फाईल उघडली तर आधी माझं उत्तर मागतील. हरकतींची मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. नागरिक म्हणून हरकत द्या. आणि हरकती वाचायचं काम तुमच्याकडून काढून घेते मी."

तुमच्याशिवाय कोणावर भरवसा नाही म्हणणाऱ्या मॅडम त्या याच. स्वतःवर आलं की माणूस लगेच हात झटकतो. मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार?

रविवार, ७ एप्रिल

हिला म्हटलं, "तू पुन्हा लिही. या वेळी नाव घाल. मी स्वतः नेऊन देतो."

"मी एकदा लिहिलं."

"अगं, पण मुदत आहे अजून."

"तुम्ही लिहा," म्हणाली, आणि मटार सोलत बसली.

दिवसभर बसलो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, स्वतः अर्ज लिहिला नव्हता. आधी आकडे लिहिले, पट चौतीस, शिक्षिका दोन, इयत्ता चार. फाडून टाकलं. शेवटी लिहिलं, 'माझी पत्नी या शाळेत शिक्षिका आहे. ती सकाळी सातनंतर पाणी पीत नाही. मला हे माहीत नव्हतं.' मग 'माहीत नव्हतं' खोडलं आणि लिहिलं, 'मी हे ऐकलं नव्हतं.' खाली नाव, पत्ता, सही. हिला वाचायला दिलं. तिने वाचलं, 'पत्नी'च्या जागी 'बायको' केलं असतंत तर चाललं असतं म्हणाली, आणि परत दिलं. सहा दिवसांत एवढंच बोलली.

मंगळवार, १६ एप्रिल

हरकती टायपिस्ट मुलीने वाचल्या. मॅडमनी तिलाच बसवलं. माझा कागद परत आला. वर तिच्या गोल अक्षरात शेरा, 'वैयक्तिक गाऱ्हाणे. मूळ प्रश्नाशी संबंध नाही.'

तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या हाताखाली शिकली, माझ्या डब्यातलं खाल्लं, आणि माझा कागद असा फेकते. ती घाबरली. वही काढून दाखवली. "काका, तुम्हीच सांगितलं होतंत. लिहिणारा स्वतःबद्दल बोलत असेल तर विषयबाह्य. हे बघा, पाच मार्च."

बरोबर वाचलं होतं तिने. मी म्हटलं, "काम चांगलं केलंस."

घरी येऊन कागद हिच्यासमोर ठेवला. हिने शेरा वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, हसेल. हसण्याचा हक्क होता तिला. "अक्षर मुलीचं आहे, वाक्य तुमचं," म्हणाली, आणि कागद नीट घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "उद्या चाचणीच्या वह्या न्यायच्यात वर. जड आहेत."

बुधवार, १७ एप्रिल

सकाळी पावणेसातला हिच्याबरोबर निघालो, वह्यांची पिशवी माझ्याकडे. सव्वीस वर्षांत मी त्या शाळेच्या फाटकापर्यंतच गेलोय. खालच्या गोदामाला मोठं कुलूप होतं. जिन्याशी धाकट्या बाई भेटल्या. मी म्हटलं, "त्या दिवशी बसा म्हटलं नाही, चुकलं माझं." त्या ओशाळल्या, म्हणाल्या, "अहो, असू द्या," आणि भराभर वर गेल्या.

ही कठड्याला धरून चढत होती. दुखरा पाय आधी, मग दुसरा, दोन्ही एका पायरीवर आले की पुढची. मी मागून पायऱ्या मोजत होतो, मनातल्या मनात, हिला कळू नये म्हणून. एकविसाव्या पायरीवर ही थांबली. मीही थांबलो. खालून सात-आठ मुलं धावत आली आणि आमच्यामागे येऊन थांबली, कोणी सांगितलेलं नसताना. त्यातली एक छोटी मुलगी गळ्यात पाण्याची बाटली अडकवून होती, काठोकाठ भरलेली.

हिची धाप ओसरली तशी ही पुढे निघाली, आणि मुलं निघाली.

वर पोहोचलो. एकेचाळीसच आहेत.